फॅमिली रूम वरच्या मजल्यावर आहे

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही शहरातल्या मध्यम वस्तीत ही पाटी दिसतेच. वर हॉटेलचं नाव, त्याखाली ‘बार अँड रेस्टॉरंट’, आणि कोपऱ्यात बाण काढून लिहिलेलं, ‘ए.सी. फॅमिली रूम वर’. दाराची काच काळी. दार उघडलं की थंड हवेचा झोत आणि तळलेल्या लसणाचा वास बाहेर येतो, आणि दार पुन्हा बंद होतं.

तुमच्याही घराजवळ असं एक ठिकाण असेल. तिथलं चिकन लॉलीपॉप तुम्ही खाल्लेलंही असेल. रविवारी रात्री दादा किंवा नवरा पिशवीत पार्सल घेऊन येतो, सोबत लाल शेजवान चटणीची पुडी आणि वर कागदात गुंडाळलेला कांदा. सगळं घर मिटक्या मारत खातं. आता तर फोनवरून मागवलं की तेच जेवण अर्ध्या तासात दारात येतं, आणि अॅपवर त्या हॉटेलच्या नावातला ‘बार’ हा शब्द बरेचदा गळून गेलेला असतो. म्हणजे तिथल्या भट्टीवरचं अन्न आपल्याला चालतं, फक्त त्या खुर्चीवर बसणं चालत नाही.

मी स्वतः पीत नाही. पण अशा ठिकाणचं जेवण मला मनापासून आवडतं आणि गेली बरीच वर्षं मी तिथे बसून जेवते. त्यामुळे आजचा विषय तोच.

आधी त्या ‘फॅमिली रूम’चं कोडं सोडवू. जेवायच्या जागेत कुटुंबासाठी वेगळी खोली लागतेच कशाला? उडप्याकडे लागत नाही, खानावळीत लागत नाही. याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि १९५०मध्ये राज्यात पूर्ण दारूबंदी आली. त्या वेळच्या मुंबई राज्यात आजच्या गुजरातचा बराच भाग होता. १९६०मध्ये राज्याची वाटणी झाली तेव्हा हा एकच कायदा दोन्ही भावांच्या वाट्याला आला. गुजरातने तो तसाच पाळला. आजही वडोदऱ्यातल्या आमच्या वाचकांना हा लेख परदेशातल्या गोष्टीसारखा वाटेल. महाराष्ट्राने कायदा ठेवला, पण साठ-सत्तरच्या दशकांत तो सैल करत नेला. कसा? तर परवाना देऊन.

म्हणून आपल्याकडे कागदोपत्री अजूनही दारूबंदीच आहे आणि पिणं हा अपवाद आहे. ज्याला प्यायची त्याने परवाना घ्यायचा. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपयांचा, वर्षाचा शंभर रुपयांचा, नाहीतर हजार रुपये भरून आयुष्यभराचा. त्या परवान्यावरचं कारण वाचण्यासारखं आहे, ‘आरोग्य टिकवण्यासाठी’. ज्या खोलीत असे परवानेधारक बसतात ती ‘परमिट रूम’. महाराष्ट्राबाहेर हा शब्द सांगितला तर लोक बुचकळ्यात पडतात. पण आपल्याकडे तो इतका रुळला आहे की ‘परमिट’ कसलं, हे कोणी विचारत नाही.

आता ज्या खोलीत बसायलाच सरकारी परवानगी लागते, ती खोली आपोआप संशयास्पद होते. काच काळी होते, दिवे मंद होतात. मग मालकाला वाटतं की बायका-मुलंही यावीत, जेवणाचा धंदाही व्हावा. म्हणून तो माळ्यावर चार टेबलं टाकतो आणि बाण काढतो. गंमत अशी की पूर्ण दारूबंदीच्या दिवसांत मुंबईत चोरून प्यायची सोय बायकांच्याच घरात असायची. वांद्रे, धोबीतलाव या भागांत त्यांना ‘आंटीचा अड्डा’ म्हणत. आंटी स्वतःच्या घरातल्या बाकावर गिऱ्हाईक बसवायची, हिशेब ठेवायची, जास्त झालेल्याला हाकलायची. धंदा कायदेशीर झाला आणि गल्ल्यावरची बाईच दिसेनाशी झाली.

या सगळ्यातून सुटलेली एक जमात होती, इराणी हॉटेलांची. इराण्याकडेही पडदे लावलेल्या फॅमिली केबिन असत, नाही असं नाही. पण खालचं दालन मोठं, उजेडाचं, बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावरचं, दोन्ही बाजूंनी उघडं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. पुढे चहा आणि ब्रुन-मस्क्यावर भाडंही निघेना, तेव्हा अनेकांनी बिअरचा परवाना घेतला. तरी काचेला काळा कागद लागला नाही. बिअरची बाटली सोड्याच्या बाटलीशेजारी जाऊन बसली, इतकंच.

फोर्टमधलं कॅफे मिलिटरी बघा. १९३३पासून आहे. दुपारी तिथे कोणी खिमा-पाव खात असतं, कोणी बिअर घेत असतं, आणि पंखा दोघांवर सारखाच फिरत असतो. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१चं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तिथे अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि काही दिवसांतच कॅफे पुन्हा उघडलं. भिंतीतली गोळ्यांची भोकं त्यांनी मुद्दाम बुजवली नाहीत. त्याच रस्त्यावरच्या माँडेगारच्या भिंतींवर मारियो मिरांडांची चित्रं आहेत, ती बघण्यासाठी तरी मुलांना घेऊन जा. पिणारे, खाणारे, भांडणारे, प्रेमात पडलेले, अख्खी मुंबई त्यात आहे. शेजारच्या टेबलावर जे चाललंय तेच भिंतीवर काढलेलं बघून मुलं खूश होतात.

लिओपोल्ड आणि माँडेगार आता पर्यटकांनी भरलेली असतात, हे खरं. मला त्यांचं कौतुक आहे ते एका गोष्टीसाठी. तिथे फॅमिली कुठे बसवायची, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना हे सगळं फार नवीन वाटणार नाही. बेंगळुरूत सेंट मार्क्स रोडवर कोशीज आहे. तिथे आजोबा कॉफी पितात, नातू कटलेट खातो आणि जावई बिअर घेतो, एकाच टेबलावर. गोव्यातल्या जुन्या ताव्हेर्न तर अनेकदा घराचाच पुढचा भाग असतात. पुढे फेणीच्या बाटल्या आणि दोन-तीन बाकं, मागे त्याच कुटुंबाचं स्वयंपाकघर. चोरिस-पाव मागितला तर घरातली बाईच घेऊन येते. तिथे ‘फॅमिली रूम कुठे’ असं विचारलंत तर त्यांना कळणारच नाही, कारण फॅमिली गल्ल्यावर बसलेली असते.

पण आपला बहुतेकांचा संबंध येतो तो बाणाच्या पाटीशी. त्या पाटीखालची एक रात्र सांगते.

माझ्या मावशीचे यजमान रुग्णालयात होते. मावशी तेव्हा अडुसष्ट वर्षांची. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते, दिवसभर तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. रुग्णालयाचं उपाहारगृह बंद, समोरच्या उडप्याने शटर अर्धं ओढलेलं. रस्त्यावर एकच दिवा चालू होता, बार अँड रेस्टॉरंटचा. मुंबईत परमिट रूमची चूल रात्री उशिरापर्यंत पेटलेली असते. अडल्या वेळी अशा ठिकाणांचा हा मोठा उपयोग आहे, पण तो कोणी सांगत नाही.

आम्ही दार उघडलं तसा वेटर लगबगीने पुढे आला. “मॅडम, फॅमिली वर.” वर गेलो. नळीचा दिवा दोनदा फडफडून लागला. एका कोपऱ्यात बेसिनशेजारी बिअरचे रिकामे क्रेट रचलेले. आम्ही बसल्यावर ए.सी. चालू केला, तो थेट मावशीच्या डोक्यावर. पुढची वीस मिनिटं कोणी फिरकलं नाही. आदराने वर बसवलं होतं आणि मग विसरून गेले होते.

मावशी म्हणाली, “चल गं, खाली बसू. इथे माळ्यावर टाकल्यासारखं वाटतंय.”

खाली आलो. वेटर गडबडला. मावशीने त्याला शांतपणे सांगितलं, “आम्ही इथेच बसतो. दाल-खिचडी द्या, आणि पापड भाजून.” त्याने भिंतीकडचं टेबल पुसलं. पहिलं मिनिटभर चार माना आमच्याकडे वळल्या, मग परत क्रिकेटकडे गेल्या. एक टॅक्सीवाला एकटाच जेवत होता. गळ्यात बँकेचं ओळखपत्र असलेला एक जण क्वार्टर संपवून वरण-भात कालवत होता. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी आवाज खाली केला आणि त्यातल्या एकाने आपला ग्लास उगाचच पाण्याच्या जगामागे सरकवला. खिचडी आली, वर लसणाची फोडणी, आणि न मागता लिंबाची फोड.

मावशी अर्धी खिचडी होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझे आजोबा रोज संध्याकाळी अशाच ठिकाणी जायचे. आई ताट झाकून वाट बघायची. आम्हाला त्या गल्लीतून जायचीही बंदी होती. मला आयुष्यभर वाटत आलं, आत काहीतरी भलतंच असणार.” तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली. “इथे तर नुसती दमलेली माणसं जेवतायत.”

आजोबांच्या पिण्याने त्या घरात काय झालं, ते मला माहीत आहे. आजीच्या बांगड्या गेल्या, मोठ्या मामाचं शिक्षण अर्धवट राहिलं. खिचडीने त्यातलं काही भरून येत नाही, आणि मावशीही तसं म्हणाली नाही. तिने फक्त बिल मागवलं आणि वेटरला विचारलं, “जेवलास का रे?” तो म्हणाला, “दीड वाजता, बंद झाल्यावर.”

त्या रात्रीपासून मी काळ्या काचेकडे वेगळ्या नजरेने बघते. ही काच आतल्या माणसाला बाहेरच्यांपासून लपवते. बाईमाणसांची लाज राखायला ती लावलेली आहे, असं सांगतात. मला तसं वाटत नाही. उजेडात, शेजारच्या टेबलावर कोणाची तरी आई खिचडी खात असताना माणूस वेगळा पितो. ग्लास जगामागे सरकवतो, आवाज खाली करतो. कदाचित तिसऱ्याऐवजी दुसऱ्यावर थांबतो.

यावर काही वाचक रागावतील, आणि त्यांच्या रागाला आधार आहे. याच महाराष्ट्रात बायकांनी दारूची दुकानं मतदान करून बंद पाडली आहेत. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे तुम्ही ऐकलं असेल. गावातल्या किंवा वॉर्डातल्या ठरावीक संख्येच्या मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. वर्धा जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३पासून. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. ज्या बाईने नवऱ्याचा आठवड्याचा पगार देशी दारूच्या गुत्त्यात जाताना बघितला, तिला मी ‘उजेडात बसून जेवा’ असं सांगायला जाणार नाही. तिचा आडव्या बाटलीवरचा शिक्का मला समजतो. मी बोलते आहे ते जेवणाच्या ठिकाणाबद्दल. जिथे ताट मधोमध असतं आणि ग्लास कडेला, अशा ठिकाणाबद्दल. गुत्त्यात ताट नसतंच.

ताटावरून आठवलं. तिथे खायचं काय?

सगळ्यात आधी चकणा. पेयाबरोबर तोंडात टाकायच्या या फुकटच्या किंवा स्वस्तातल्या खाण्याला स्वतःची एक शिस्त आहे. खारट, तिखट, कुरकुरीत, आणि हळूहळू खाता येण्यासारखं. उकडलेले चणे कांदा-मिरची-लिंबू घालून, खारे शेंगदाणे, काकडी-गाजराच्या फोडी, मसाला पापड. चांगला मसाला पापड ओळखायचा तो कांदा-टोमॅटो टेबलाशी येईपर्यंत किती ताजा राहिला यावरून. पापड ओला होऊन वाकला असेल तर स्वयंपाकघर झोपेत आहे असं समजा आणि पुढची ऑर्डर जपून द्या. लहान मुलांना हे चणे फार आवडतात. त्यांना त्याचं नाव ‘चकणा’ आहे हे सांगायची गरज नाही, ती आपणहून शाळेत जाऊन सांगतात.

मग ‘कोळीवाडा’. कोळंबी कोळीवाडा, चिकन कोळीवाडा, हल्ली पनीर कोळीवाडासुद्धा. नावामुळे हा कोळ्यांचा पदार्थ असेल असं वाटतं. पण बेसन, ओवा, लाल तिखट असं ते कवच पंजाबी अमृतसरी माशाचं भावंड आहे. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वस्तीला आलेल्या पंजाब्यांच्या हाताला त्याचं श्रेय देतात. खऱ्या कोळणीच्या घरी असं बेसन लावलेली कोळंबी तुम्हाला सहसा दिसणार नाही.

बोंबील फ्राय हा या ठिकाणांचा खरा कस. ओला बोंबील म्हणजे जवळपास पाणीच. तो चिरून, जड पाट्याखाली दाबून पाणी काढावं लागतं, मग मसाला, मग रवा. दाबायचा कंटाळा केला की रव्याचं कवच उभं राहतं आणि आत लगदा. ऑर्डर देताना मी वेटरला सरळ विचारते, “बोंबील दाबलेला आहे का?” खरं बोलणारा वेटर अशा वेळी “मॅडम, आज सुरमई घ्या” म्हणतो. असा वेटर जपावा.

चायनीजबद्दल मी फार बोलणार नाही. ट्रिपल शेजवान राइस हा पदार्थ चीनमध्ये नाही, तो आपला आहे, आणि दोन जणांत एक पुरतो.

आणि शेवटी दाल-खिचडी, जीरा राइस, दाल फ्राय. पिणारा शेवटी जे जेवतो तेच. रात्रभर हजारदा केल्यामुळे बारच्या आचाऱ्याचा हात त्यावर इतका बसलेला असतो की बड्या हॉटेलात तशी दाल मिळत नाही. न पिणाऱ्यांसाठी फ्रेश लाइम सोडा, खारा घ्या. मालवणी हॉटेल असेल तर सोलकढी. इराण्याकडे लाल रास्पबेरी मिळाली तर सोडू नका.

आता थोडं व्यवहाराचं, कारण फॅमिली घेऊन जायचं तर हे माहीत हवं.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. गोव्यात १८ आहे, दिल्लीत २५. घरातलं विशीचं मूल ‘आपण सोबत आहोत ना’ म्हणून एक घोट मागतं, तेव्हा बऱ्याच घरांत हसून ग्लास पुढे केला जातो. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने तो त्याच्या परवान्याचा प्रश्न असतो. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा त्या मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे लोकही पकडले गेले. तेव्हा वेटरने तुमच्या मुलाकडे ओळखपत्र मागितलं तर त्याच्यावर ओरडू नका. लहान मुलं बरोबर असतील तर निघण्याआधी फोन करून विचारा, कारण काही ठिकाणी परमिट रूमच्या भागात मुलांना बसवत नाहीत आणि दारातून परत फिरणं कोणालाच आवडत नाही.

गाडी चालवणारा कोण, हे घरून निघतानाच ठरवा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तरी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘दोनच घेतल्या’ हे वाक्य पोलिसांच्या यंत्राला कळत नाही. आमच्या घरी नेहमी मीच चालवते. न पिणाऱ्या बाईला गाडी शिकवून ठेवावी, हा सल्ला मी प्रत्येक नव्या जावेला देते.

बिल आलं की एकदा नीट वाचा. जेवणावर साधारण पाच टक्के जीएसटी असतो. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा कर लागतो, म्हणून बिलात दोन भाग दिसतात. कधी कधी दोन वेगळी बिलंही येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ‘सेवा शुल्क’ म्हणून आपोआप जोडलेली रक्कम देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ते काढायला सांगा आणि वाटलं तर तेवढेच पैसे वेटरच्या हातात द्या. काढत नसतील तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पाण्याच्या बाटलीवरून भांडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, आणि हॉटेलात बसून पिताना तसं घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये मुभा दिली आहे. साधं पाणी मागा. जग टेबलावर असतोच, ग्लास लपवायलाही उपयोगी पडतो.

बायकांनी एकट्याने किंवा मैत्रिणींनी मिळून जायचं असेल तर? जा. जेवणाच्या हॉटेलात जेवायला पुरुष सोबत लागत नाही. बायकांनी बारमध्ये नोकरी करू नये, असं एक जुनं कलम दिल्लीत लागू होतं. तेही सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये रद्द केलं आहे. पहिल्यांदा जाताना दुपारची वेळ निवडा. बारची दुपार फार निवांत असते. दिवे लावलेले असतात, टीव्ही बंद असतो, ऑफिसातले लोक थाळी किंवा फिश करी-राइस खाऊन पळत असतात. दाराजवळचं, गल्ल्यासमोरचं टेबल मागा. वेटरने ‘फॅमिली वर’ म्हटलं तर ‘इथेच बसतो’ म्हणा. तो दोनदा म्हणेल, तिसऱ्यांदा पाण्याचे ग्लास आणून ठेवेल. तीन-चार वेळा गेलात की तो तुमची ऑर्डर लक्षात ठेवायला लागतो. आमच्या कोपऱ्यावरच्या वेटरला मी दिसले की तो आत ओरडतो, “खारा सोडा, एक!” एवढ्या वर्षांत त्याने मला पेयांचं कार्ड कधी दाखवलेलं नाही.

तिथे नव्याने जायला माझ्या मते सगळ्यात चांगला महिना श्रावण. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, या हॉटेलांत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी फॅमिली वर, खाली, कुठेच नेऊ नका. दुसऱ्या दिवसापासून निम्मं गिऱ्हाईक गायब. टेबल सहज मिळतं, वेटरला बोलायला वेळ असतो, आचारी एकेक पदार्थ मन लावून करतो. आणि पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपलेली असते. पुढच्या दिवसांत होड्या परत यायला लागतात, बाजारात ओला बोंबील दिसू लागतो, आणि खाणाऱ्यांतले निम्मे श्रावण पाळत घरी वरण-भात खात बसलेले असतात. श्रावण न पाळणाऱ्यांनी ही संधी सोडू नये. पाळणाऱ्यांनाही चणे आणि दाल-खिचडी आहेच, फक्त कांदा-लसूण नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगायचं.